आतोबांचं मूळ गाव

आमचे आतोबा माणूस भेटला की आधी त्याच्या पायांकडे बघायचे. चेहऱ्याकडे नंतर. कुणी नवीन माणूस घरी आला की ते दारातच म्हणायचे, "मोजेबिजे काढा हो, पाय मोकळे करून बसा." समोरच्याला वाटायचं, काय अगत्य आहे! पण तो बसला की हे वाकून त्याची बोटं न्याहाळायचे, आणि मग एकदम कंटाळल्यासारखं तोंड करून आत्याला सांगायचे, "चहा टाक."

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मला घाटकोपरच्या एका ऑफिसात टायपिस्टची नोकरी लागली आणि मी देवगडहून आत्याकडे मुलुंडला राहायला आले. आतोबा भांडुपच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. रिटायर व्हायला किती वर्षं राहिली असं कुणी विचारलं, तर म्हणायचे, "कागदावर थोडी. खरी किती ते मला माहीत नाही." हा विनोद नव्हता. त्यांची जन्मतारीख त्यांना शाळेत घालताना त्यांच्या वडिलांनी अंदाजानं लिहिली होती. आणि ते वडीलही त्यांचे वडील नव्हते.

बोरिवली तेव्हा खेडं होतं. तिथल्या शाळेतले एक मास्तर सकाळी देवळात गेले, तर ओट्यावर तीनेक वर्षांचा मुलगा बसलेला. रडत नव्हता, बोलतही नव्हता. अंगावर सदरा, पायाला वाळलेला चिखल. चार दिवस वाट बघितली, कुणी विचारायला आलं नाही. मास्तर आणि मास्तरीणबाईंना मूल नव्हतं. त्यांनी त्याला ठेवून घेतलं, नाव दिलं, आडनाव दिलं, शिकवलं. आतोबांना यातलं काही माहीत नव्हतं. लग्नानंतर, मास्तर वारल्यावर, मास्तरीणबाई आजारी पडल्या तेव्हा त्यांनी सांगितलं. सांगून चार दिवसांनी त्याही गेल्या.

आत्या म्हणायची, "त्या बाईनं मरताना ह्यांना अनाथ केलं. न सांगता गेली असती तर काय बिघडलं असतं?"

आतोबांच्या डाव्या पायाची अंगठ्याशेजारची दोन बोटं नखांपर्यंत एकमेकांना चिकटलेली होती. कारखान्याच्या डॉक्टरांनी कधीतरी त्यांना सांगितलं होतं की, असं काही असलं तर ते बहुतेक घराण्यात चालत आलेलं असतं. तेव्हापासून हे सुरू झालं. मला म्हणायचे, "चेहरा वयानं बदलतो गं. केस जातात, दात जातात. बोटं कुठं बदलतात?"

मी त्यांना समजवायचा प्रयत्न केला नाही. मला तेव्हा ते सगळं गमतीचं वाटायचं. माझं वय चोवीस, घरात आजी-आजोबा, चुलते, मावश्या, मामा यांचा नुसता गजबजाट. आपण कुठले हे माहीत नसणं म्हणजे काय, ते मला कळण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्यांच्या वंशावळी काढायचा त्यांना नाद होता. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर, ड्रॉइंगच्या शाईनं, ते बिल्डिंगमधल्या एकेका घराण्याची वंशावळ आखायचे. तळमजल्यावरच्या वकिलांच्या पणजोबांना दोन बायका होत्या, हे वकिलांच्या मुलांना आतोबांकडून कळलं. आमचीही काढली होती. सात पिढ्या. रेघा अशा सरळ की बघत राहावं. त्यात माझ्या आत्याच्या नावाशेजारी त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं. बाकी प्रत्येक नावाच्या डोक्यावरून एक रेघ वर जात होती. त्यांच्या नावाच्या वर नुसता कागद.

मी म्हटलं, "आतोबा, इथं मास्तरांचं नाव लिहा ना."

"मास्तर देवमाणूस. पण ही रेघ रक्ताची असते." मग म्हणाले, "ड्रॉइंगमध्ये खोटी रेघ मारली तर मशीन पडतं बंद."

मी मुलुंडला आल्यावर काही महिन्यांनी त्यांना एकदा दोन माणसांनी दंडाला धरून घरी आणलं. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं, चष्मा हातात. दर शनिवारी संध्याकाळी ते मारुतीच्या देवळाबाहेर बसतात, हे आम्हाला माहीत होतं. आत्याला वाटायचं, भक्ती वाढली. प्रत्यक्षात ते पायऱ्यांखाली बसून चपला काढणाऱ्यांचे पाय बघत बसायचे. त्या दिवशी एका बाईंनी नवऱ्याला सांगितलं, हा माणूस गेले तीन आठवडे माझ्या पायांकडे टक लावून बघतोय. नवऱ्यानं दोन थोबाडीत दिल्या.

आत्या दारातच रडायला लागली. "काय सांगू मी लोकांना? काय सांगू? मुलीचं लग्न ठरतंय, जरा तरी लाज बाळगा!"

आतोबा शांतपणे म्हणाले, "तिची बोटं सुटी आहेत. तीनदा बघितली."

त्यांची एकुलती एक मुलगी, माझी आतेबहीण, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. बँकेत होती. तिचं लग्न बोरिवलीच्या एका चांगल्या घरात ठरलं. माणसं जुन्या वळणाची होती. त्यांनी गोत्र विचारलं, आत्यानं कश्यप सांगितलं. ज्याला गोत्र माहीत नाही त्याचं कश्यप, हे आत्याला भटजींनीच शिकवलं होतं. मूळ गाव विचारलं, तर आत्यानं मास्तरांचं गाव ठोकून दिलं. आतोबा गप्प बसून राहिले. आत्यानं त्यांना शपथ घातली होती.

लग्नात कन्यादानाच्या वेळी भटजींनी विचारलं, "मुलीच्या वडिलांचं नाव? आजोबांचं? पणजोबांचं?"

आतोबांनी स्वतःचं सांगितलं. मास्तरांचं सांगितलं. मास्तरांच्या वडिलांचं सांगायला तोंड उघडलं, आणि थांबले. भटजी थांबले. सनईची कॅसेट चालू होती, ती कुणीतरी बंद केली. आतोबा हातातल्या पाण्याकडे बघत होते.

"ही नावं माझी नाहीत," ते म्हणाले. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "मी देवळात सापडलेला आहे. माझ्या मुलीला खोट्या माणसांची नात म्हणून देऊ नका."

आत्यानं त्यांचं उपरणं ओढलं. मुलाचे वडील उठून उभे राहिले. पुढचा अर्धा तास हॉलच्या मागच्या खोलीत काय काय बोलणं झालं ते मी ऐकलं, आणि ते मला इथं लिहायचं नाही. लग्न लागलं. मुलगा चांगला होता, तो अडून बसला म्हणून लागलं. पण त्या घरात माझ्या आतेबहिणीला पुढं वर्षानुवर्षं ऐकून घ्यावं लागलं. पहिल्या दिवाळीला ती माहेरी आली नाही. दुसऱ्याही नाही. बाळंतपणालासुद्धा आत्याच तिच्याकडे गेली. वडिलांशी ती बोलायचीच बंद झाली.

मी आतोबांना एकदा विचारलं, "एवढं काय अडलं होतं? तीन नावं तर होती."

ते म्हणाले, "मला वाटलं, तिला तरी खरं मिळावं." मग पुटपुटले, "तिची वाट लावली मी."

त्यानंतर त्यांचा शोध वेड्यासारखा झाला. आधी तो छंद होता, आता त्यात मुलगी परत मिळवण्याची आशा शिरली. आपलं कूळ सापडलं की ते तिच्या सासऱ्यांपुढं नेऊन ठेवायचं, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. नाशिकला तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी असतात असं कुणीतरी सांगितलं, तर मला आणि आत्याला घेऊन ते एसटीनं नाशिकला गेले. उपाध्याय म्हातारे होते, सोवळ्यात बसलेले. त्यांच्या मागं कपाटात लाल बासनांची चळत.

"गाव कुठलं?"

"माहीत नाही."

"आडनाव?"

"तेच शोधायला आलोय."

उपाध्याय हसले नाहीत, हे मला आठवतं. म्हणाले, "यजमान, इथं नाव घेऊन यावं लागतं. मग मागची नावं मिळतात. नावच नसेल तर मी कुठली वही काढू?"

आतोबा त्या बासनांकडे बराच वेळ बघत होते. म्हणाले, "म्हणजे मी यातच कुठंतरी असेन."

"असालही."

परतीच्या प्रवासात आत्या खिडकीला डोकं टेकून झोपली होती. आतोबा मला म्हणाले, "मला एकच आठवतं गं. दोन्ही बाजूंना पाणी. कुणाच्या तरी मांडीवर मी, आणि ते लुगडं ओलं. बाकी काही नाही."

बुधवारी आमच्या बिल्डिंगमध्ये सुकी मासळी घेऊन एक कोळीण यायची. पस्तिशीची, ठसठशीत, बोलायला फटकळ. भांडुप गावात दिलेली होती. आत्या तिच्याकडून सुकट आणि बोंबील घ्यायची. नेहमी ती जिन्यात पाटी उतरवायची, आणि आतोबा त्या वेळी कारखान्यात असायचे. रिटायर झाल्यावर पहिल्यांदाच ते त्या वेळी घरी होते. मलाही त्या दिवशी बरं नव्हतं म्हणून मी रजेवर होते. आत्या बोंबलांवरून घासाघीस करत होती, आणि आतोबा एकदम खाली बसले. म्हणजे जमिनीवरच बसले, धोतर सावरायचंही भान नाही.

कोळणीच्या डाव्या पायाची दोन बोटं चिकटलेली होती.

"काय बगताय काका?" ती खेकसली. आत्यानं कपाळावर हात मारला. आतोबांनी स्वतःचा पाय पुढं केला.

ती हसायलाच लागली. "अगं बाय! ही तर आमची बोटं! माज्या बापाची हायेत, आजीची हायेत. आमाला गोराईला बदकाची जात बोलतात."

तिचं माहेर गोराईचं होतं. बोरिवलीच्या समोर, खाडीपलीकडे.

पुढच्या रविवारी आतोबा, मी आणि ती कोळीण गोराईला गेलो. आत्यानं मला मुद्दाम सोबत पाठवलं. "तिथं मार खाऊ नका म्हणावं." दोन बस बदलून बोरिवली, तिथून खाडीवर, आणि होडी. होडीत बसल्यावर आतोबा दोन्ही बाजूंच्या पाण्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

कौलारू ठेंगणं घर होतं. बाहेर बांबूंवर बोंबील वाळत टाकलेले. ओटीवर आजी बसली होती, पंच्याहत्तरीच्या पुढची, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. दिसत जवळजवळ नव्हतंच, पण हातानं फाटक्या जाळ्याच्या गाठी मारत होती. नातीनं तिला सगळं सांगितलं. देवळात सापडलेला, तीन वर्षांचा, बोरिवलीला, अशी अशी बोटं.

म्हातारीचे हात थांबले. जाळं बाजूला सारून म्हणाली, "पाय दे बगू."

आतोबा घुटमळले. "मोठ्या माणसाच्या हातात पाय कसा देऊ?"

"दे रं."

ते जमिनीवर बसले आणि त्यांनी पाय पुढं केला. म्हातारीनं घोट्यापासून हात फिरवत आणला. बोटांपाशी आला. मी आतोबांच्या तोंडाकडे बघत होते. एखादा निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या माणसासारखं ते तोंड होतं.

"नाय," म्हातारी म्हणाली. "आमच्यातला नाय तू."

"पण आजी, बोटं बग ना, तुजीच..."

"गप बस तू. आमच्यात कुनाचं पोर हरवलंच नाय." आणि तिनं शेजारची गोधडी ओढून आपल्या पायांवर घेतली.

चहा झाला. निघताना ती म्हणाली, "मास्तर हायस का रं तू? मास्तरासारका बोलतोस." आतोबांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

परतताना मला त्यांचं सांत्वन करायचं होतं, पण ते रडवेले नव्हते. म्हणाले, "पुढच्या रविवारी परत येऊ या."

"कशाला? त्या नाही म्हणाल्या ना."

"एकटी बसलेली असते दिवसभर."

आणि ते खरंच जायला लागले. दर रविवारी. कधी मी बरोबर, बहुतेक वेळा एकटे. जाताना तिच्यासाठी मऊ केळी, कधी बटर, डोळ्यांत घालायचं औषध. ती लांबूनच पावलं ओळखायची. "मास्तर, आयलास?" म्हणायची. ते तिला जाळ्याचा दोरा भरून द्यायचे. ती त्यांना मासे काढून वाढायची, अंदाजानं हात फिरवत, डोक्याकडचा तुकडा त्यांना. तासन्‌तास दोघं फारसं बोलत नसत. आत्या चिडायची, "घरात टीव्हीवर रविवारचा पिक्चर एकटी बघते मी, आणि हे परक्या बाईची जाळी विणतात!"

एक गोष्ट मात्र आतोबांनी फार लावून धरली. मोतीबिंदूचं ऑपरेशन. ओळखीच्या डॉक्टरांशी बोलून आले, दिवस ठरवला, आणायला-न्यायला टॅक्सी करतो म्हणाले. म्हातारी दरवेळी नाही म्हणायची. एकदा मी होते तेव्हा त्यांनी खूपच आग्रह केला. ती चिडली नाही, नुसती म्हणाली, "नको रं. आता काय बगायचं हाय मला? दिसलं तर सोसायचं नाय."

म्हातारीचे दोन मुलगे होते, दोघांत मिळून एक होडी. थोरला, म्हणजे आमच्या कोळणीचा बाप, एकदा आतोबांना वाटेत अडवून म्हणाला, "काका, तुमचं काय काम असतं इकडं? बोटं दाखवून हिस्सा मागायला आलात काय?" आतोबा म्हणाले, "मला काही नको." त्याला ते पटलं नाही. पटण्यासारखं नव्हतंच.

असं दोनेक वर्षं चाललं. मग एका बुधवारी कोळीण सकाळी लवकरच आली ती पाटी न घेता. जिन्यातच उभी राहिली. म्हातारी शुक्रवारी गेली होती. घरात कुणी आतोबांना कळवू दिलं नव्हतं. "बाप बोलला, त्याला सांगशील तर उंबरा चढू नकोस." रविवारी नेमका आतोबांना ताप होता म्हणून ते गेले नव्हते. त्यांना वाटत होतं, ती तिकडं वाट बघत बसली असेल.

आतोबांनी चपला घातल्या. मी ऑफिसला जायला निघालेली, तशीच त्यांच्याबरोबर गेले. कोळीणही आली. घरात नाही गेलो आम्ही. खाडीच्या काठावर, होड्या ओढून ठेवतात तिथं, कोळणीनं आम्हाला बसवलं आणि सांगितलं.

म्हातारीचं पहिलं लग्न झालं होतं. तो नवरा समुद्रात गेला, परत आला नाही. पदरात तीन वर्षांचं पोर. बापानं तिचं दुसरं लग्न ठरवलं. त्या घरानं सांगितलं, बाई चालेल, पोर नको. बाप तिला आणि पोराला होडीत घालून पलीकडं घेऊन गेला. भरती अजून आली नव्हती, उतरताना सगळे चिखलात रुतले. तिनं पोराला देवळाच्या ओट्यावर बसवलं आणि सांगितलं, रडू नकोस, मी येते.

"तुमी पयल्यांदा आलात तवा दोन दिस जेवली नाय ती," कोळीण म्हणाली. "मला वाटलं, तब्येत. शेवटच्या आठवड्यात मला जवळ बसवून सगळं बोलली. मी बोलले, आजी, तो येतो दर रईवारी, त्याला सांग की. तर बोलली, त्याला आय पायजे. मी टाकनारी."

आतोबा ऐकत होते. मग विचारलं, "माझं नाव काय होतं?"

कोळणीनं मान खाली घातली. "मी इचारलं. बोलली, इसरले."

"विसरली?"

"तसं बोलली. आनि तोंड फिरवून झोपली."

कोळीण गेली. तिला घरात कळायच्या आत परतायचं होतं. आम्ही दोघं बसून राहिलो. मला रडू येत होतं आणि त्यांच्यासमोर रडायची लाज वाटत होती. पन्नासहून जास्त वर्षं ही बाई खाडीच्या एका काठावर आणि हा माणूस दुसऱ्या काठावर. आणि मग दोन वर्षं एका ओटीवर.

मी म्हटलं, "आतोबा, त्या खोटं बोलल्या तुमच्याशी."

"मला माहीत होतं."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"पहिल्याच दिवशी," ते म्हणाले. "बोटांना हात लागला तेव्हा तिनं ती मुठीत घट्ट धरली. तू बघितलं नसशील. मला कळलं."

"मग बोलला का नाहीत? दोन वर्षं जात होतात!"

"ती नाही म्हणाली ना. मी विचारत बसलो असतो, तर मला येऊ दिलं नसतं तिनं परत." खाडीकडे बघत ते पुढं म्हणाले, "मला वाटायचं, आज सांगेल. मासे वाढताना सांगेल. निघताना सांगेल. मग वाटायचं, पुढच्या वेळी. मी आपला गप्प बसायचो, म्हणजे तिला बोलायला जागा राहील."

मुलीच्या सासऱ्यांकडे जायचं का, असं मी विचारलं. आता सांगायला काहीतरी होतं, निदान एवढं तरी. ते म्हणाले, "काय सांगू? माझी आई मला विसरली म्हणून सांगू?" ते कधीच गेले नाहीत. माझ्या आतेबहिणीला हे सगळं मी सांगितलं, ते पुढं फार उशिरा, आतोबा गेल्यावर. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला काय उपयोग याचा?" मला तिचा राग आला नाही.

त्या दिवशी होडी आली, माणसं उतरली, दुसरी चढली. मी म्हटलं, चला. ते उठले नाहीत. म्हणाले, "पुढची येऊ दे." पुढची आली, तीही गेली. ओहोटी लागत होती, काठाचा चिखल उघडा पडायला लागला होता. शेवटी मी त्यांचा दंड धरून त्यांना उभं केलं. वाळू झटकायचंही त्यांना सुचलं नाही. होडीच्या फळीवर एक पाय ठेवून ते थांबले, आणि लहान मुलानं विचारावं तसं त्यांनी मला विचारलं,

"आता रविवारी काय करायचं गं?"

होडीवाला म्हणाला, "बसा लवकर." मी त्यांना बसवलं.